पोतं उचलणारा हमाल: ब्लेंडरमध्ये रिगिंगपासून एक मिनिटाच्या फिल्मपर्यंत

अ‍ॅनिमेशन शिकणारी सांगली-मिरजेची मुलं ज्या फाइली दाखवायला आणतात, त्यांत रिग (पात्र हलवणारा हाडांचा सांगाडा आणि त्याचे कंट्रोल) बहुतेक वेळा चांगला असतो. बोटं वळतात, भुवया उडतात, डोळे फिरतात. फिल्म कुठंय विचारलं की उत्तर येतं, ‘ती अजून सुरू करायचीय.’ आणि सुरू केली की पहिल्याच शॉटमध्ये पात्राला उकिडवं बसायचं असतं आणि त्याचा गुडघा तेवढा दुमडतच नाही. चूक गुडघ्याची नसते, क्रमाची असते. शॉट ठरायच्या आधी रिग केला की नको ते हलतं आणि हवं ते अडतं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय. मार्केट यार्डातला हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेतो, चालत जातो, मागून कुणीतरी हातगाडीवाला घाई करतो (तो दिसत नाही, फक्त आवाज), हमाल वळून म्हणतो, ‘दमानं घ्या की!’ आणि पोतं थप्पीवर टाकतो. एक मिनिट, एक पात्र, एक वाक्य. पहिल्या फिल्मला एवढं पुष्कळ झालं. मेनूंची नावं ब्लेंडर ४ या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधली आहेत.

## १. आधी शॉट, मग हाडं

कागदावर स्टोरीबोर्ड काढा. चित्रं काडीची चालतील. मग वाक्य फोनवर रेकॉर्ड करा, हातगाडीवाल्याची आरोळीही करा. चित्रं आणि आवाज ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये लावून अ‍ॅनिमॅटिक तयार करा. त्याआधी आउटपुट प्रॉपर्टीजमध्ये फ्रेम रेट २४ (सेकंदाला २४ चित्रं) करून ठेवा. हा आकडा नंतर बदलला तर सगळं टायमिंग सरकतं.

आता अ‍ॅनिमॅटिक बघत वहीत दोन याद्या करा. पहिली, काय हलणार: कंबर पूर्ण वाकणार, गुडघे उकिडव्यापर्यंत दुमडणार, दोन्ही हात खांद्यावरून मागे जाणार, मान वळणार, तोंड एक वाक्य बोलणार. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, ती म्हणजे काय हलणार नाही. पायाची बोटं चपलेत आहेत. हाताची बोटं सुटी हलत नाहीत, पोत्याचा कान धरलेली मूठच पूर्णवेळ दिसते. भुवयांवर क्लोजअप नाही. रिगमध्ये काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते या दोन याद्या ठरवतात.

संदर्भासाठी स्वतःचाच व्हिडिओ काढा. घरात धान्याचं पोतं असेल तर उत्तम, नाहीतर भरलेली बादली. रिकामी सॅक उचलून अभिनय करू नका, वजन खोटं पडतं आणि तेच अ‍ॅनिमेशनमध्ये उतरतं. यार्डात जाऊन बघायचं तर सौदे चालू असताना वाटेत उभं राहू नका, आणि ज्याचं शूटिंग करताय त्याला आधी विचारा. फोन बहुधा ३० फ्रेमनं शूट करतो, म्हणून फ्रेम मोजून नक्कल करू नका, सेकंद मोजा.

सावधान: पहिल्याच फिल्ममध्ये धोतर किंवा नऊवारी नेसवू नका. सोगा आणि पदर सांभाळण्यात पात्र राहतं बाजूला. हाफ पँट, बनियन, खांद्यावर टॉवेल.

## २. मेश रिगला बसेल असा करणं

मेश म्हणजे बिंदू, कडा आणि फेस (पृष्ठाचे तुकडे) यांनी बनलेलं पात्राचं अंग. रिगिंगमध्ये म्हणून जे बिघडतं, त्यातलं बरंचसं इथंच बिघडलेलं असतं.

पात्र ऑब्जेक्ट मोडमध्ये निवडा, एन दाबून बाजूचं पॅनल उघडा आणि स्केल बघा. तिन्ही आकडे १ नसतील तर कंट्रोल-ए, ऑल ट्रान्सफॉर्म्स (बदल असा कायम करणं म्हणजे अप्लाय करणं). उंची खऱ्या माणसाएवढी, दीड-पावणेदोन मीटर ठेवा. पाय जमिनीच्या रेषेवर, आणि नमपॅडचं १ दाबल्यावर चेहरा समोर आला पाहिजे. पाठ दिसत असेल तर पात्र उलटं उभं आहे, फिरवून पुन्हा अप्लाय करा.

एडिट मोडमध्ये सगळं निवडून एम, बाय डिस्टन्स. एकावर एक बसलेले बिंदू जुळतात आणि किती गेले तो आकडा खाली दिसतो. मग शिफ्ट-एन. ओव्हरलेमधलं फेस ओरिएंटेशन चालू करून बघा, बाहेरून कुठंही लाल नको. लाल ठिगळ दिसलं तर तो फेस उलटा आहे.

कोपर आणि गुडघ्याला किमान तीन आडव्या कडा हव्यात. एकाच कडेवर गुडघा मोडला की पाय बागेतल्या पाइपासारखा चिमतो. दोन्ही मांड्यांमध्ये फट ठेवा. मांड्या चिकटलेल्या असतील तर डाव्या पायाचं हाड उजव्या मांडीलाही ओढतं, आणि ते नंतर ब्रशनं सोडवत बसावं लागतं. हात आडवे सरळ ठेवण्यापेक्षा तिरके खाली ठेवा. आपल्या हमालाचे हात दोन्हीकडे जाणार आहेत, वरही आणि खालीही, म्हणून मधली अवस्था बरी.

मिरर मॉडिफायर (एक बाजू दुसरीकडं उमटवणारा) आताच अप्लाय करा. पुढं तोंडासाठी शेप की (मेशचे साठवून ठेवलेले आकार) करायच्या आहेत, आणि शेप की असलेल्या मेशवर ब्लेंडर मॉडिफायर अप्लाय करू देत नाही. मेश गुळगुळीत करणारं सबडिव्हिजन मात्र तसंच राहू द्या, अप्लाय करू नका.

डोळे, दात, चपला, टॉवेल, बनियन वेगवेगळे ऑब्जेक्ट करा. एडिट मोडमध्ये पी दाबून लूज पार्ट्स केलं की सुटतात. बनियनखालची कातडी कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही. चौथ्या टप्प्यात बनियनला शरीराचे वेट्स दिले की ती काढून टाका, म्हणजे वाकताना बनियनमधून पोट बाहेर येणार नाही.

तपासा: स्केल १, चेहरा समोर, लाल फेस नाही, मिरर अप्लाय झालाय. यातलं एक जरी राहिलं तरी पुढं जाऊ नका.

## ३. मेटारिग बसवणं

प्रेफरन्सेसमधून रिगिफाय हे तयार रिग बनवून देणारं अ‍ॅड-ऑन चालू करा. अ‍ॅड, आर्मेचर, बेसिक, बेसिक ह्यूमन. हाच मेटारिग, म्हणजे रिगचा कच्चा आराखडा. यात चेहरा आणि बोटं नाहीत, आणि आपल्या यादीप्रमाणं ती नकोच आहेत. सगळं आपल्या हातानं बांधावं असा आग्रह काही जण धरतात. एक पाय हातानं बांधून बघा, आयके (टोक ओढलं की मधले सांधे आपोआप दुमडणं) म्हणजे काय ते नीट कळेल. फिल्मसाठी मात्र रिगिफाय घ्या.

क्रम असा:

मेटारिगची उंची ऑब्जेक्ट मोडमध्ये पात्राला जुळवा आणि लगेच स्केल अप्लाय करा. हे विसरलं तर तयार होणारे कंट्रोल वेडेवाकडे येतात. व्ह्यूपोर्ट डिस्प्लेमध्ये इन फ्रंट चालू करा, म्हणजे हाडं कातडीतून दिसतील. एडिट मोडमध्ये एक्स-अ‍ॅक्सिस मिरर चालू करा आणि एकच बाजू बसवा.

आता समोरून नाही, बाजूनं बघा. समोरून जुळलेली हाडं बाजूनं बघितली तर पोटाच्या बाहेर लटकत असतात, हे फार सर्रास दिसतं. कणा शरीराच्या मधोमध नसतो, पाठीकडं असतो. मांडीचं हाड कमरेच्या बाहेरच्या कडेवर नाही, आत सुरू होतं. कोपराचा सांधा त्या तीन कडांच्या मधल्या कडेवर. गुडघा किंचित पुढं, कोपर किंचित मागं वाकलेलं ठेवा. ते बारीकसं वाकणं बघूनच सांधा कुठल्या दिशेनं दुमडायचा ते ठरतं. पाय अगदी सरळ ठेवला तर गुडघा पक्ष्यासारखा मागं मोडू शकतो. टाचेजवळ एक छोटं आडवं हाड असतं. ते जमिनीवर आणि टाचेच्या रुंदीएवढं ठेवा, पाऊल टाचेवरून टेकतं ते त्याच्याच आधारानं.

झालं की आर्मेचरच्या डेटा टॅबमध्ये जनरेट रिग. रंगीत कंट्रोलवाला नवा रिग येतो. मेटारिग लपवा, डिलीट करू नका. काही बदलायचं झालं तर त्यातच बदलून पुन्हा जनरेट करायचंय. जनरेट झालेल्या रिगमध्ये स्वतःचं हाड घातलं तर पुढच्या वेळी ते पुसलं जाईल. जादाची हाडं मेटारिगमध्येच घाला आणि त्यांना रिगिफायचा बेसिक सुपर कॉपी हा प्रकार द्या.

## ४. कातडी हाडांना बांधणं

आधी शरीर निवडा, मग शिफ्ट धरून नवा रिग, मग कंट्रोल-पी, विथ ऑटोमॅटिक वेट्स. वेट म्हणजे बिंदूवर त्या हाडाचा वाटा. क्रम उलटा झाला तर तो पर्यायच दिसत नाही. कित्येक जण मेटारिगलाच बांधून टाकतात आणि कंट्रोल हलवल्यावर पात्र जागचं हलत नाही म्हणून इंटरनेटवर उत्तर शोधत बसतात. असं झालं असेल तर आल्ट-पी नं सोडवा आणि पुन्हा बांधा.

बोन हीट वेटिंगची एरर आली तर घाबरायचं कारण नाही. बहुतेकदा एकावर एक बिंदू राहिलेले असतात, सुटा बिंदू कुठंतरी तरंगत असतो, किंवा दातांसारखा तुकडा शरीराच्या आत त्याच ऑब्जेक्टमध्ये असतो. दुसरा टप्पा पुन्हा करा. एररकडं दुर्लक्ष करून हातानं सगळं रंगवायला बसू नका.

डोळे, दात, टॉवेल यांना वेट्स लागत नाहीत. पोझ मोडमध्ये डोक्याचं हाड निवडून त्यांना कंट्रोल-पी, बोन करा. टॉवेल खांद्याच्या हाडाला. बनियनला शरीराचेच वेट्स द्या: आधी शरीर, मग बनियन निवडून वेट पेंट मोडमध्ये ट्रान्सफर वेट्स. खाली उघडणाऱ्या पॅनलमध्ये सगळे ग्रुप (एकेका हाडाचे वेट्स) नावानं जुळवायला सांगा, नाहीतर एकच ग्रुप येतो आणि बनियन जागेवर राहून हमाल निघून जातो. बनियनला आर्मेचर मॉडिफायरही लावा.

मॉडिफायरच्या यादीत आर्मेचर वर, सबडिव्हिजन खाली. उलटं असेल तर संगणक जास्त बिंदूंना हलवत बसतो आणि सांधेही खरखरीत दिसतात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रेंडर प्रॉपर्टीजमधलं सिम्प्लिफाय चालू करून व्ह्यूपोर्टचं सबडिव्हिजन शून्य ठेवा.

## ५. कवायत

वेट पेंट (वेट्स ब्रशनं कमीजास्त) करायच्या आधी एक छोटं अ‍ॅनिमेशन करा. पहिल्या फ्रेमला सगळं मूळ स्थितीत. दहाव्याला हात वर. विसाव्याला उकिडवं. तिसाव्याला कमरेतून पूर्ण वाकणं. चाळिसाव्याला मनगट पिळणं. पन्नासाव्याला मान वळवणं. साठाव्याला पुन्हा मूळ स्थिती. आता टाइमलाइन मागंपुढं ओढत रंगवा. सरळ उभ्या पात्रावर रंगवणं म्हणजे अंधारात रंगवणं.

ऑटो नॉर्मलाइज चालू ठेवा, म्हणजे एका हाडाचा वाटा वाढवला की बाकीच्यांचा आपोआप कमी होतो. निळा म्हणजे शून्य, लाल म्हणजे पूर्ण. यादीत नावाच्या सुरुवातीला डीईएफ असलेले ग्रुपच कातडी हलवतात, बाकीच्यांकडं बघू नका.

आपल्या हमालाच्या दोन जागा हट्टी आहेत. पहिली काख. हात खांद्यावरून मागं गेला की बरगड्या वर ओढल्या जातात. दंडाच्या हाडाचा रंग बरगड्यांवरून पुसा, छातीच्या हाडाचा वाढवा, मग ब्लरच्या ब्रशनं सीमा मऊ करा. दुसरी जागा उकिडवं बसल्यावरची जांघ, तिथं मांडी पोटात घुसते. थोडी घुसू द्या. हाफ पँटच्या सुरकुतीत ती खपून जाते आणि शॉट बाजूनं असेल तर कुणाला दिसतही नाही. जी घडी कॅमेऱ्याला दिसत नाही तिच्यावर दुपार घालवू नका.

मनगट पिळल्यावर चॉकलेटच्या कागदासारखं आवळत असेल तर आर्मेचर मॉडिफायरमधलं प्रिझर्व्ह व्हॉल्यूम आहे. पण त्यानं वाकलेले सांधे फुगतात, म्हणून गरज पडेपर्यंत बंद ठेवा.

तपासा: पोझ मोडमध्ये सगळे कंट्रोल निवडून आल्ट-जी, आल्ट-आर, आल्ट-एस. पात्र तंतोतंत मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर कुठंतरी चुकीचं बांधलं गेलंय.

## ६. तोंड: एका वाक्यापुरतं

शेप की पाच पुरेत: मिटलेले ओठ, आ, ई, ओ आणि पापणी मिटणं. पापणीत एक मेख आहे. शेप की बिंदूंना सरळ रेषेत नेते, म्हणून अर्ध्या वाटेत पापणी बुबुळाच्या आरपार जाते. अर्धी मिटलेली, थोडी फुगवलेली आणखी एक की करा आणि मधल्या फ्रेमला तिची मदत घ्या.

‘दमानं घ्या की’ मध्ये ओठ मिटणारं अक्षर एकच आहे, म. द, न, घ, क ही सगळी जिभेनं आत होतात, ओठांना त्यांचं काम नाही. म्हणजे करायचं एवढंच: म ला पूर्ण मिटलेले ओठ, लगेच मोठा आ, नं ला अर्धा, घ्या ला पुन्हा आ, की ला ई. प्रत्येक अक्षराला वेगळा आकार दिला की तोंड शिवणयंत्रासारखं टकटकत राहतं. म ला ओठ किमान दोन फ्रेम मिटलेले ठेवा आणि आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी मिटू द्या. प, ब, भ, म जिथं येतील तिथं हाच नियम. ही अक्षरं चुकली तर प्रेक्षकाला लगेच खटकतं, बाकीची चुकलेली तो सोडून देतो.

शेप की झाल्यावर मेशमध्ये एकही नवा बिंदू घालू नका.

## ७. पोतं

पोतं वेगळं ऑब्जेक्ट. त्याला दोन शेप की: उभं ठेवलेलं आणि पाठीवर बसून मधे खचलेलं. पाठीवर घेतल्यावर ते खचलं नाही तर आत हळद नाही, थर्माकोल आहे असं वाटतं.

पोत्याला चाइल्ड ऑफ कन्स्ट्रेंट (एका वस्तूला दुसरीच्या मागं चालवणारं बंधन) लावा, टार्गेट रिगचं छातीचं हाड. उचलण्याच्या आदल्या फ्रेमला इन्फ्लुअन्स (बंधनाचा जोर) ० ची की (म्हणजे त्या फ्रेमला नोंदवलेली किंमत), उचलण्याच्या फ्रेमला १ ची. त्याच फ्रेमवर उभं राहून सेट इन्व्हर्स दाबा. न दाबलं तर पोतं उडी मारून भलतीकडंच जातं. दोन कींच्या मधलं इंटरपोलेशन कॉन्स्टंट ठेवा, म्हणजे बदल एकदम होतो.

हात मग पोत्याच्या मागं चालवायचे, म्हणजे पोतं हललं की हात हलले पाहिजेत. हाताचे आयके कंट्रोल पोत्याला चाइल्ड ऑफ करा. एन पॅनलमध्ये आयके-एफकेचा स्लायडर असतो: ० म्हणजे आयके, १ म्हणजे एफके (एकेक सांधा वळवणं). पोतं धरलेले हात आयके, मोकळे हलणारे हात एफके. एकाच शॉटमध्ये मधेच बदलू नका, बदलायचं तर कट मारा. आयके स्ट्रेच शून्य करा, नाहीतर हात रबरासारखा लांबतो.

सावधान: पोतं हाताच्या मागं आणि हात पोत्याच्या मागं, असं दोन्हीकडून बांधू नका. ब्लेंडर डिपेंडन्सी सायकलची तक्रार करतो आणि दोघंही थरथरतात. पोतं छातीच्या मागं, हात पोत्याच्या मागं. बस.

टाकताना काय? इन्फ्लुअन्स पुन्हा शून्य केला की पोतं जिथून उचललं तिथं परत जातं. त्यावर उपाय आहेत, पण सगळ्यात शहाणपणाचा म्हणजे पाठीवरून सुटताक्षणी कट. पुढच्या शॉटमध्ये थप्पीवर पडणारं पोतं ही नवी कॉपी, तिला कसलंच कन्स्ट्रेंट नाही. धप्प असा आवाज बाकीचं सांभाळतो.

## ८. शॉटच्या फाइली

पात्राची एक फाइल, प्रत्येक शॉटची वेगळी. शॉटमध्ये फाइल, लिंक करून पात्राचं कलेक्शन आणा, मग ते हलवता यावं म्हणून ऑब्जेक्ट, लायब्ररी ओव्हरराइड, मेक. वेट सुधारला तर सगळ्या शॉटमध्ये आपोआप सुधारतो. पण हाडाचं नाव बदललं तर अ‍ॅनिमेशन त्या हाडाला शोधू शकत नाही, म्हणून नावं आता गोठली. पाथ रिलेटिव्ह ठेवा आणि पेनड्राइव्हवर नेताना पूर्ण फोल्डर न्या, एकटी शॉटची फाइल नको.

वापरात नसलेली अ‍ॅक्शन (नोंदवलेली हालचाल) ब्लेंडर बंद झाल्यावर नाहीशी होते. तिच्या नावाशेजारचं ढालीचं चिन्ह दाबा.

## ९. हालचाल

आधी ठळक पोझ, इंटरपोलेशन कॉन्स्टंट. पात्र एका पोझमधून दुसरीत टुणकन जाईल, जाऊ द्या. प्रत्येक पोझला सगळ्या कंट्रोलवर की मारा. अ‍ॅनिमॅटिकच्या आवाजावर हे बघून टायमिंग पटलं, तरच बेझियर, म्हणजे एका पोझमधून दुसरीत मऊ सरकणं.

वजन दाखवायचं कमरेनं. उचलण्याआधी कंबर खाली जाते आणि पोत्याखाली सरकते, मग वर येते. भार पाठीवर पडला की दोन-चार फ्रेमनंतर गुडघे पुन्हा किंचित खचतात. हे दुसरं खचणं मुलं हमखास विसरतात आणि पोतं कापसाचं होतं. रिकामा माणूस सुमारे २४ फ्रेममध्ये दोन पावलं टाकतो. ओझं घेतलेल्याला ३० ते ३४ द्या. पावलं आखूड, पाय थोडे फाकलेले, दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ जास्त. चालताना गुडघा पूर्ण सरळ होऊ देऊ नका, सरळ झाला की आयके झटका देतो.

तपासा: व्ह्यूपोर्ट रेंडर अ‍ॅनिमेशन काढा आणि आवाज बंद करून फक्त टेकलेलं पाऊल बघा. ते सरकत असेल तर आधी तेच दुरुस्त करा.

## १०. रेंडर

रेंडर म्हणजे प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढणं. हिशोब आधी. एक मिनिट म्हणजे १४४० फ्रेम. एका फ्रेमला एक मिनिट लागलं तर पूर्ण २४ तास, आणि आपल्याकडं वळवाच्या पावसात वीज किती वेळ टिकते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून थेट व्हिडिओ फाइल कधीही रेंडर करू नका, पीएनजीची मालिका काढा. व्हिडिओ मधेच तुटला तर सगळा जातो, पीएनजी झालेल्या तेवढ्या राहतात. आउटपुटमधलं ओव्हरराइट बंद करा, म्हणजे वीज आल्यावर पुढून सुरू होतं. सुरू करण्याआधी शेवटची फाइल डिलीट करा, ती अर्धवट असू शकते. प्लेसहोल्डर्स चालू असेल तर रिकाम्या फाइलीही शोधून काढा.

रेंडर करायचे पर्याय दोन, ईव्ही आणि सायकल्स. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ईव्हीच घ्या, सायकल्सच्या नादी लागू नका. प्रत्येक शॉटची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम काढून बघा. ब्लेंडर ४ मधल्या एजीएक्स या रंग दाखवायच्या पद्धतीमुळे (व्ह्यू ट्रान्सफॉर्म) भर उजेडातली हळद फिकी पडते. दिवा कमी करा किंवा व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड करून बघा, पण सगळ्या शॉटला एकच ठेवा.

मग मालिका सिक्वेन्सरमध्ये लावा, खाली आवाज. सिनेमातलं गाणं उचलू नका. मिरजेत तंबोरा जुळवणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, परवानगी घेऊन दोन मिनिटं रेकॉर्ड करा. त्यावर यार्डाची गजबज हळू आवाजात. शेवटी एफएफएमपेग, एमपीईजी-४, एच २६४. तयार फाइल दुसऱ्याच्या फोनवर लावून बघा. चित्र दिसतंय आणि आवाज येत नाही, असं झालं तर ऑडिओ कोडेक ‘नो ऑडिओ’ वर राहिलाय. तो एएसी करा आणि पुन्हा काढा, पीएनजी तयार आहेत म्हणून फार वेळ लागणार नाही.